ओला दोरा

ग्रंथालयात ते यंत्र आलं त्या आठवड्यापासून हेमांगीबाई काळमेघ तिथला चहा प्यायच्या बंद झाल्या. ॲसिडिटी वाढली, असं सांगायच्या. खरं कारण कप होता. कपाला ओठ लागतात, ओठांची लाळ लागते, आणि लाळेत माणूस सहीशिक्क्यानिशी उतरलेला असतो, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. एकदा तिथल्या अन्वीने फारच आग्रह केला तेव्हा त्यांनी घेतला चहा, आणि रिकामा कागदी कप कोणाचं लक्ष नाही असं बघून पर्समध्ये कोंबला. घरी येऊन बघतात तर उरलेल्या घोटाने चष्म्याची डबी, गोळ्यांची पाकिटं, किल्ल्या, सगळं चिकट. साठाव्या वर्षी, तीन विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात जिचं पुस्तक आहे अशी बाई, किल्ल्यांवरचा चहा पुसत बसली होती.

यंत्राचं कागदोपत्री नाव 'स्पर्शस्तरदर्शक'. पण नागपूरच्या त्या सात मजली संशोधन ग्रंथालयात एवढं लांब नाव घ्यायला कोणाला वेळ होता? कर्मचारी त्याला 'हुंग्या' म्हणत, कारण ते हुंगायचंच. पान काचेखाली ठेवायचं, वरून कोमट ओलसर हवा सोडायची आणि खालून ती ओढून घ्यायची. कागद म्हणजे शेवटी तंतूंची जाळी. सव्वाशे-दीडशे वर्षांत जो जो त्याला शिवला त्याचं काही ना काही त्या जाळीत अडकून बसलेलं असतं: बोटांचं तेल, कातडीचे कण, शिंकेचा एखादा थेंब. ते तेल हवेने हळूहळू बदलत जातं, तूप खवट होतं तसं. किती खवटलं यावरून बोट साधारण कोणत्या वर्षी लागलं ते हुंग्या सांगायचा. आणि कातडीच्या, लाळेच्या कणांतले जनुकांचे तुकडे जोडून एका पानावरची पन्नास माणसं वेगवेगळी काढायचा. तांदूळ निवडावेत तशी.

नावं मात्र त्याला ठाऊक नसत. त्याच्या लेखी सगळे वाचक म्हणजे आकडे. ज्याला आपली बोटं ओळखून हवी असतील त्याने आपणहून यायचं आणि कापसाच्या काडीवर लाळ द्यायची. कायदाच तसा होता. नमुना कोणाकडे मागता येत नसे. दिला तरच घ्यायचा.

लोक मात्र रांगा लावून देत होते. आपण विसाव्या वर्षी काय वाचत होतो हे कोणाला नको असतं? एका निवृत्त प्राध्यापकांनी ज्या पाच खंडांवर ग्रंथ लिहिला होता त्यांच्या फक्त अनुक्रमणिकेवर त्यांची बोटं निघाली, तेव्हापासून ते सकाळी फिरायला दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागले. धरमपेठेतल्या एका आजोबांना भरतकामाच्या एका जुन्या पुस्तकात बायकोची बोटं सापडली. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. आजोबा दर मंगळवारी येतात, त्या पुस्तकाच्या एकेचाळिसाव्या पानावर हात ठेवून बसतात आणि साडेचारला उठून जातात. हे ऐकून हेमांगीबाईंना रडू आलं होतं. मग लगेच आठवलं की आपणही कुठल्या तरी पानावर असेच बसलेलो आहोत.

एका बुधवारी अन्वीचा फोन आला. अन्वी मेश्राम म्हणजे हुंग्या चालवणारी शास्त्रज्ञ, एकेकाळची त्यांचीच विद्यार्थिनी.

"मॅडम, स्थापनादिनाला आपण 'बोटखुणा' प्रदर्शन करतोय. मधोमध कोणतं पुस्तक ठेवणार, ओळखा!"

"कोणतं?"

"सुबोधमाला! तुमची गोदाबाई! आणि ऐका ना, हुंग्याला काय सापडलंय! गेलेल्या शेवटच्या पानाच्या जागी, शिवणीच्या अगदी मुळाशी, वरपासून खालपर्यंत सरळ रेघ आहे. लाळेची! कोणीतरी तोंडात भिजवलेला दोरा ठेवलाय तिथे. बाईमाणूस आहे. वाचक क्रमांक चारशे सतरा. मॅडम? आवाज येतोय ना?"

"येतोय," हेमांगीबाई म्हणाल्या.

*

नागपूरच्या महाल भागात हेमांगीच्या वडिलांचं बाइंडिंगचं दुकान होतं. जुनं पुस्तक नव्याने बांधायचं तर आधी त्याची पानं सुटी करावी लागत, आणि चांगला बाइंडर त्याला ब्लेड लावत नाही. बाबा सुती दोरा तोंडात धरायचे, पुरता भिजला की पानाच्या मुळाशी घालायचे, पुस्तक मिटायचे आणि बिडी ओढून यायचे. तोवर ओलीने कागद मऊ पडलेला असे. मग पान नुसतं उचलायचं. आवाज नाही, दातेरी कडा नाहीत. "फाडायचं नसतं, बेटा," बाबा म्हणायचे. "सोडवून घ्यायचं असतं."

अठ्ठाविसाव्या वर्षी हेमांगीला दुर्मीळ विभागात 'सुबोधमाला' मासिकाचा १८९८ सालचा खंड सापडला. त्यात 'एका सुइणीच्या आठवणी' क्रमशः आल्या होत्या. लिहिणारी उमरेडची कोणी गोदाबाई. ना शाळा, ना कोणी शिकवायला. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरओळख झालेली. हेमांगीने दोन महिने पेन्सिलने तो सगळा मजकूर उतरवून घेतला. फोन बाहेर ठेवायचा नियम होता, आणि फोटोच्या परवानगीचा अर्ज ग्रंथपालसाहेबांच्या टेबलावर झोपला होता. त्या शनिवारी फक्त शेवटचं पान उरलं, आणि त्याच दिवशी कळलं की पुण्याचे एक नामांकित संशोधक रीतसर परवानगी घेऊन सोमवारी ह्याच खंडासाठी येत आहेत.

पान उतरून घ्यायला अर्धा तास पुरला असता. एवढा वेळ होता. दोरा भिजून पान सुटायला जितका वेळ लागला तितक्यात ते दोनदा उतरून झालं असतं. हेमांगीला ते पान हवं होतं असं नव्हतं. ते दुसऱ्याला मिळायला नको होतं. बत्तीस वर्षं तिने ह्या वाक्याच्या आजूबाजूने कितीतरी दुसरी वाक्यं रचून पाहिली, पण हे वाक्य काही हलत नव्हतं. वाचनकक्षात पाण्याची बाटली न्यायला बंदी, म्हणून ओढणीचा दोरा तिने बाबांसारखाच तोंडात धरला.

सोमवारी परत ठेवू, असंही मनात होतं. सोमवारी ती पोचली तेव्हा पान गेल्याचा बोभाटा झालेला होता. कापल्याची खूण नाही, फाटल्याची नाही. साहेबांनी निष्कर्ष काढला, "हे वाचकाचं काम नाही. ज्याला पुस्तकं हाताळायची सवय आहे त्याचं आहे." आणि सगळ्यांनी वळून गुलाब भोयरकडे पाहिलं.

गुलाबभाऊ म्हणजे ग्रंथ काढून आणणारे परिचर. वाचकाने चिठ्ठी भरायची, भाऊ मांडण्यांत शिरायचे आणि चार मिनिटांत पुस्तक टेबलावर. कोणता खंड कुठल्या कपाटात, कोणाच्या शेजारी, कोणाला वाळवी लागलीय, सगळं तोंडपाठ. चौकशीत त्यांनी भाबडेपणाने सांगून टाकलं की जेवणाच्या सुट्टीत आपण हा खंड वाचत होतो. त्याने जास्तच बिघडलं. शिपाई कशाला वाचतोय सुबोधमाला?

काहीच सिद्ध झालं नाही, म्हणून नोकरी राहिली. पण त्यांना मांडण्यांतून काढून दारातल्या सामानघरात बसवलं. वाचकाची पिशवी घ्यायची, बिल्ला द्यायचा. निवृत्तीपर्यंत एकोणीस वर्षं.

त्या एकोणीस वर्षांत हेमांगी शेकडो वेळा त्या दारातून आत गेली. वाचनकक्षात ती चौदा नंबरच्या टेबलावर बसायची, म्हणून गुलाबभाऊ चौदा नंबरचा बिल्ला तिच्यासाठी वेगळा काढून ठेवत. "तुमचा चवदा ठेवला हाय मॅडम. कोनालेच देल्ला नाई." ती दर दिवाळीला त्यांच्यासाठी अनारसे न्यायची. त्यांच्या मुलीला, मंजूला, नर्सिंगला प्रवेश मिळावा म्हणून चार ठिकाणी खेटे घातले. भाऊ सगळ्यांना सांगायचे, "माह्यावर आळ आला तवा सारे तोंड फिरवून गेले. एकट्या मॅडम बोलत राह्यल्या." अनारशांत तूप जास्त पडत गेलं. बोलायचं तेवढं राहून गेलं.

आणि पुस्तक तर हेमांगीने लिहिलंच. शेवटाशिवाय. उरलेल्या मजकुरातलं अखेरचं वाक्य असं होतं: दुष्काळात विहिरीच्या काठी टाकून दिलेली एक तान्ही मुलगी गोदाबाईला सापडते, ती तिला पोटाशी बांधून घरी आणते, पाळण्यात घालते, पहाटे बघते तर "हालचाल दिसेना, म्हणून मी कान लावला, तो..." आणि पुढे काही नाही. हेमांगीने प्रस्तावनेत लिहिलं, 'कोणा करंट्याने हे शेवटचे पान लंपास केले. त्याला ते वाचण्याचे सुख कधी न लाभो.' लोकांना ते अर्धं वाक्य फार आवडलं. त्यावर चर्चासत्रं झाली. बी.ए.च्या परीक्षेला दहा गुणांचा प्रश्न येऊ लागला: 'गोदाबाईच्या कथनाचा शेवट काय असावा? साधार लिहा.' हेमांगीबाईंनी पंचवीस वर्षं ती उत्तरं तपासली. बरोबर उत्तर त्यांच्या कपाटात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये होतं.

*

अन्वीच्या फोनला बरोबर आठ दिवस झाले तेव्हा त्या ग्रंथालयात गेल्या. पिशवीत ते पुठ्ठे होते. हुंग्या आल्यापासून त्या ते रोज सोबत नेत आणि रोज परत आणत. सामानघरात आता माणूस नव्हता, पोलादी कप्पे होते. अंगठा टेकवला की उघडायचे. पिशवी कप्प्यात टाकून त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

प्रयोगशाळेत अन्वीसमोर गुलाबभाऊ बसले होते. त्र्याहत्तर वर्षांचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. अंगठ्याच्या रेषा झिजल्यामुळे कप्पा त्यांना ओळखत नव्हता, म्हणून पिशवी वर आणायची खास सवलत मिळाली होती.

"या जी मॅडम!" ते उठायला लागले.

"बसा हो भाऊ. तुम्ही इथे कसे?"

"नमुना देल्ला ना मागच्या हप्त्यात. म्हनलं, आता मशीनच सांगंल का गुलाब भोयरनं पान नाई घेतलं." ते हसले, पण हसू पुरं झालं नाही. "पन मशीन बी आपल्या साहेबासारखीच निंगाली."

अन्वीने पडदा त्यांच्याकडे वळवला. गोदाबाईच्या प्रत्येक पानावर भाऊंची बोटं निळ्या ठिपक्यांनी चमकत होती. खालच्या कोपऱ्यात, हलकी, स्वच्छ, नीट वाचणाऱ्या माणसाची. आणि गेलेल्या पानाच्या जागी, शिवणीजवळ, निळ्याचा नुसता सडा.

"थुंकीची रेघ चारशे सतराची आहे," अन्वी म्हणाली. "पण भाऊंची बोटंही तिथेच, त्याच वर्षातली. हुंग्याला वर्ष कळतं, वार नाही कळत. ग्रंथालयाची समिती म्हणणार, दोरा तिचा, हात यांचा. मिळून केलं असेल."

"पान गेलं म्हनून समजलं, तवा मी चाचपून पाह्यलं होतं," गुलाबभाऊ म्हणाले. "म्या म्हनलं, शिवनीत अडकलं असंल. लय शोधलं, बाप्पा. शनिवारी जेवनाच्या सुट्टीत मी त्या 'कान लावला'पाशी येऊन थांबलो होतो. शेवटचं पान सोमवारसाठी ठेवलं, गोडाचा घास शेवटी ठेवते ना मानूस, तसं." मग ते हेमांगीबाईंकडे वळले. "मॅडम, तुमी काहून नाई देत नमुना? सारे देऊन राह्यले. तुमचं नाव पाहून जुन्या बाया बी येतीन. त्याच्यात कुठं तरी ते चारशे सतरा भेटंल. माह्यासाठी द्या."

सांगून टाकायचं तर हाच क्षण होता. हेमांगीबाईंच्या तोंडाला कोरड पडली होती. अन्वीने काडी पुढे केली तेव्हा पहिल्यांदा काही लाळच आली नाही. दुसऱ्यांदा आली.

"अकरा मिनिटं लागतील," अन्वी म्हणाली, आणि काडी यंत्रात सरकवली.

अकरा मिनिटं. हुंग्या गुरगुरू लागला. हेमांगीबाईंनी विचारलं, मंजू कशी आहे? मंजू आता मेट्रन झाली होती. त्यांनी विचारलं, गुडघे काय म्हणतात? भाऊंनी गुडघ्यांचं सांगितलं, सविस्तर. चार मिनिटं गेली. त्यांना वाटलं, बोलूच नये. यंत्र बोलेल, आपण नुसतं खाली बघायचं. बत्तीस वर्षं तेच तर केलं. सात मिनिटं गेली. मग वाटलं, यंत्राच्या आधी बोललं तर निदान 'स्वतः कबूल केलं' असं म्हणता येईल. आणि ह्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की त्या बोलूच शकल्या नाहीत. नऊ मिनिटं.

"ती मी आहे, भाऊ."

"काय जी?"

"चारशे सतरा. दोरा माझ्या तोंडातला होता. पान मी घेतलं."

अन्वी काहीतरी पुटपुटली. हुंग्याने दोन मिनिटांनी बारीक शीळ घातली आणि पडद्यावरच्या आकड्याच्या जागी नाव आलं. तिकडे कोणी बघितलं नाही.

गुलाबभाऊ आपल्या पिशवीच्या बंदाशी खेळत राहिले.

"तुमी अनारसे आनत होत्या," ते म्हणाले.

"हो."

"दर दिवाळीले."

"हो."

"मंजूची माय डबा धुवून वापस देऊ म्हने, तर मी म्हनो, खाली डबा नोको देऊ, काही तरी टाकून दे. मंग ते करंज्या भरे." ते थांबले. "तुमी त्या करंज्या खाल्ल्या?"

हेमांगीबाईंनी मान हलवली. खाल्ल्या होत्या.

"भाऊ, मी..."

"नोका बोलू, मॅडम." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पान कुठी हाय?"

"खाली. माझ्या पिशवीत."

अन्वीने हातमोजे चढवले. तिचा चेहरा वर्गात पहिल्या बाकावर बसायची तेव्हाचा झाला होता, एकदम लहान. "मॅडम, मला हे सगळं नोंदवावं लागेल. तुमच्या नावानिशी. प्रदर्शनातही."

"लिही. प्रस्तावनेतलं ते 'करंट्याने'सुद्धा लाव शेजारी."

तिघं खाली आली. पुठ्ठे उघडले. पान पिवळं पडलं होतं, पण कडा शाबूत; बाबांनी शाबासकी दिली असती इतकं सफाईदार सुटलेलं. हेमांगीबाईंनी ते उचललं. "वाचून दाखवू?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मले वाचता येते," गुलाबभाऊ म्हणाले. "मी टेबलावर बसून वाचतो."

नोकरीच्या सगळ्या वर्षांत ते त्या टेबलांपाशी फक्त उभे राहिले होते. अन्वीने त्यांच्या नावाची चिठ्ठी स्वतः भरली आणि सहीपुरती त्यांच्यापुढे धरली. पुन्हा वर, पहिल्या मजल्यावरच्या वाचनकक्षाच्या काचेच्या दारापाशी पहारेकऱ्याने बोट दाखवलं: पिशवी आत न्यायची नाही. भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. कप्पा तर त्यांना ओळखत नव्हता.

"धरा," ते म्हणाले, आणि पिशवी हेमांगीबाईंच्या हातात दिली.

त्या पिशवी धरून बाहेर उभ्या राहिल्या. पिशवीत स्टीलचा डबा होता, अजून कोमट. काचेतून दिसत होतं. भाऊ चौदा नंबरच्या टेबलापाशी गेले, खुर्ची आवाज न करता ओढली, हात शर्टाला पुसले. अन्वीने आधी खंड ठेवला, मग त्यावर ते पान. त्यांनी पान लगेच वाचायला घेतलं नाही. खंड मागे उलटला आणि दुष्काळाच्या हप्त्यापासून सुरुवात केली. एकदाही बोट ओलं केलं नाही.

एक तास गेला. येणारेजाणारे हेमांगीबाईंना नमस्कार करत होते, एका मुलीने 'मॅडम, एक फोटो?' असं विचारलं. त्या म्हणाल्या, "नंतर. मी कोणाची तरी पिशवी सांभाळतेय." पाय दुखू लागले. भिंतीशी बाक होता. त्या बसल्या नाहीत.

शेवटचं पान भाऊंनी दोनदा वाचलं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. त्यातली शेवटची ओळ हेमांगीबाईंना पाठ होती: 'आता ती रांगते आणि माझी दौत कलंडवू पाहते, सबब येथेच पुरे करते.'

भाऊ बाहेर आले. डोळे लाल होते. त्यांनी हात पुढे केला. हेमांगीबाईंनी पिशवी दिली, आणि त्या उगाचच तशाच हात पसरून उभ्या राहिल्या.

"पोरगी जगली," गुलाबभाऊ म्हणाले. "बत्तीस वर्षं, मॅडम. बत्तीस वर्षं मी तिले मेलेली समजून राह्यलो."

मग ते जिना उतरून गेले, कठड्याला धरून, एकेक पायरी.